दोन दूरच्या शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ: हिशोब कसा मांडायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडन ते न्यूयॉर्क हवाई अंतर शोधलं तर कुठे ५,५४० दिसतं, कुठे ३,४५०, कुठे २,९९०. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर ५,५४० किलोमीटरला सहा तास दहा मिनिटं पुरायला हवीत. वेळापत्रकात मात्र लंडनहून जाताना आठ तासांच्या आसपास आणि परत येताना सात तासांच्या आसपास लागतात. यातलं खरं काय, आणि कुठल्याही दोन दूरच्या शहरांसाठी हा हिशोब आपला आपण कसा करायचा?

अंतर ही यातली सोपी बाजू आहे. ते एकदा काढलं की कायमचं. वेळ मात्र दोन असतात, जाण्याची वेगळी आणि येण्याची वेगळी, आणि त्याही ऋतूप्रमाणे बदलतात. म्हणून ‘अमुक ते तमुक विमानाला किती तास लागतात’ या प्रश्नाचं एका आकड्यातलं उत्तर मिळालं, तर ते अर्धवट आहे असं समजायचं.

अंतराचे आकडे

वरचे तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त एककं निरनिराळी आहेत. ५,५४० हे किलोमीटर. ३,४५० च्या जवळचा आकडा म्हणजे जमिनीवरचे मैल (१.६०९ किलोमीटरचा एक). २,९९० हे नॉटिकल मैल, म्हणजे नेमके १,८५२ मीटरचे. विमान वाहतुकीत अंतर नॉटिकल मैलांत आणि वेग नॉटमध्ये (ताशी एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट) मोजतात, त्यामुळे वैमानिकांच्या उपयोगाच्या साइटवर सगळ्यांत लहान आकडा दिसतो. नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असेल आणि कोणते ते सांगितलेलं नसेल तर आधी त्याचा छडा लावा. दोन मैलांत १५ टक्क्यांचा फरक आहे, आणि लंडन–न्यूयॉर्कच्या प्रवासात तेवढ्याने जवळजवळ तासाभराची चूक होते.

मोजलं जातं ते बृहद्वृत्तावरचं अंतर. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला तर तो ज्या रेषेवर बसतो ती बृहद्वृत्ताची रेषा, आणि पृष्ठभागावरून त्याहून जवळचा रस्ता नाही. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हीच रेषा कमानीसारखी वर गेलेली दिसते आणि ‘विमान एवढा वळसा का घेतं’ असा प्रश्न पडतो. वळसा विमान घेत नाही, नकाशा जमीन ताणतो. मर्केटरने १५६९ मध्ये आखलेली नकाशाची पद्धत समुद्रावर दिशा धरायला उत्तम आहे, पण ध्रुवांकडे जाताना ती अंतरं फुगवत नेते.

माद्रिद आणि न्यूयॉर्क घ्या. दोन्ही विमानतळ साडेचाळीस अंश उत्तरेच्या आसपास. सपाट नकाशावर सरळ आडवी रेघ मारून, म्हणजे त्याच अक्षांशावरून गेलात तर सुमारे ५,९४० किलोमीटर पडतात. बृहद्वृत्तावरून ५,७७०. म्हणजे १७० किलोमीटरची बचत, आणि त्यासाठी मधल्या टप्प्यावर विमान ४६ अंशांच्या वर, सहाशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला गेलेलं असतं. शहरं जितकी लांब आणि विषुववृत्तापासून जितकी दूर, तितका हा फरक वाढतो. बीजिंग आणि न्यूयॉर्क हीसुद्धा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत; त्या अक्षांशावरून जायचं तर १४,३०० किलोमीटरच्या वर होतात, बृहद्वृत्तावरून ११,००० लाही थोडे कमी, आणि ती रेषा उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जाते.

स्वतः हिशोब करायचा असेल तर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांशात घ्या. पहिल्या ठिकाणच्या अक्षांशाचा साइन गुणिले दुसऱ्याच्या अक्षांशाचा साइन. त्यात मिळवा दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार. जी बेरीज येईल तिचा उलटा कोसाइन काढला की अंशांत कोन मिळतो. त्याला १११.१९५ ने गुणलं की किलोमीटर. (पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली की एका अंशाला एवढे पडतात.) लंडनचा हीथ्रो: ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. बेरीज ०.६४५, कोन ४९.८२ अंश, अंतर ५,५४० किलोमीटर.

सूत्र सोपं आहे, चुका भरताना होतात. सर्वांत जास्त आढळणारी चूक अंश-मिनिटांची. हीथ्रोचा अक्षांश ५१ अंश २८ मिनिटं असा लिहिलेला असतो आणि तो ५१.२८ म्हणून भरला जातो. तो ५१.४७ हवा, कारण २८ ला ६० ने भागायचं आहे. एवढ्या एका चुकीने विमानतळ २१ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. दुसरी चूक चिन्हाची: पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे धरायचे असतात. ही चूक कधी कधी लपूनही बसते, म्हणून जास्त त्रासदायक. न्यूयॉर्कचं उणे चिन्ह विसरलात तर गणितात न्यूयॉर्क किर्गिझस्तानात जाऊन पडतं, पण लंडन शून्य रेखांशाला चिकटून असल्यामुळे उत्तर ५,६०० किलोमीटर येतं. खऱ्या आकड्याच्या इतकं जवळचं की कुणाला शंकाही येत नाही. तेच चिन्ह टोकियो–न्यूयॉर्कला चुकलं तर उत्तर बघताक्षणी विचित्र वाटतं. तिसरी चूक स्प्रेडशीटची: तिथली साइन-कोसाइनची सूत्रं अंश घेत नाहीत, रेडियन घेतात, म्हणून आधी रूपांतर करून घ्यावं लागतं.

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. तो चपटेपणा धरून मोजलं तर लंडन–न्यूयॉर्क ५,५५५ किलोमीटर येतं, आपल्यापेक्षा १५ ने जास्त. गोल पृथ्वी धरल्याने होणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या वर सहसा जात नाही. वेळेच्या हिशोबात हा एका मिनिटाचा प्रश्न आहे, सोडून द्या. त्याहून मोठा फरक ‘शहर’ म्हणजे नेमकं काय धरलं याने पडतो. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटर लांब आहे, हानेदा शहरातच आहे. अंतर नेहमी विमानतळ ते विमानतळ काढावं.

विमान ताशी ९०० किलोमीटर जातं म्हणजे काय

वेग आधी नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लांब पल्ल्याची मोठी विमानं, म्हणजे बोइंग ७८७, ७७७, एअरबस ए३५०, साधारण माक ०.८४ ते ०.८५ ने उडतात. माक म्हणजे ध्वनीच्या वेगाशी असलेलं प्रमाण. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात ध्वनीचा वेग ताशी १,२२५ किलोमीटर असतो, पण ३६,००० फुटांच्या वर, जिथे तापमान उणे ५६ अंशांपर्यंत उतरतं, तिथे तो १,०६२ वर येतो. त्याचा ०.८५ पट म्हणजे ९०३. ए३२० किंवा ७३७ सारखी लहान विमानं माक ०.७८ च्या आसपास उडतात, म्हणजे ताशी ८२५–८३० किलोमीटर. १९७० मध्ये प्रवासी सेवेत आलेलं ७४७ आजच्या मोठ्या विमानांच्याच वेगाने उडत असे. पन्नासहून अधिक वर्षांत विमानं इंधन कमी पिऊ लागली, वेग वाढला नाही.

‘उशीर झालाय, वैमानिक वेग वाढवून वेळ भरून काढेल’ ही अपेक्षा फार धरू नका. माकचा आकडा ०.०१ ने वाढवला तर ताशी दहा-अकरा किलोमीटरच वाढतात. ९,००० किलोमीटरच्या प्रवासात त्यातून सात मिनिटं वाचतात, आणि इंधन मात्र जास्त जळतं.

आणि हा वेग हवेच्या सापेक्ष असतो, जमिनीच्या नाही. भागाकार फसतो तो मुख्यतः इथे.

वारा: जाण्या-येण्यातला फरक

मध्य अक्षांशांवर, साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा असतो: जेट स्ट्रीम. ताशी १०० ते २०० किलोमीटर नेहमीचा, हिवाळ्यात काही ठिकाणी ३०० च्याही वर. विमान नेमकं याच उंचीवर उडतं. वाहत्या नदीत प्रवाहाबरोबर पोहणारा काठावरच्या माणसाला जास्त वेगाने जाताना दिसतो, तसंच हे: विमान हवेतून ९०० नेच जातं, पण हवाच १५० ने पूर्वेकडे निघाली असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग १,०५० होतो. उलट दिशेला तोच ७५० वर येतो.

याचं टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं आहे. कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. त्याचा जमिनीवरून मोजलेला वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला, अशी चर्चा त्या वेळी झाली, ती चूक आहे. आजूबाजूच्या हवेच्या सापेक्ष ते माक १ च्या खालीच होतं. सीटसमोरच्या पडद्यावर दिसतो तोही जमिनीसापेक्ष वेग असतो, म्हणून त्यावर कधी ७८० तर कधी १,०८० दिसलं तरी विमान ‘हळू’ किंवा ‘जोरात’ चाललेलं नसतं.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं, असा एक तर्क नेहमी मांडला जातो. तो टिकत नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. फरक पडतो तो पृथ्वीच्या तुलनेत हवा किती सरकते याने, म्हणजे वाऱ्याने. आणि तो नेमका उलट्या दिशेने पडतो: पश्चिमेचा प्रवास लांबतो.

जाताना जेवढं नुकसान तेवढाच येताना फायदा, असंही होत नाही. ५,७०० किलोमीटरचा रस्ता आणि १०० चा वारा धरा. विरुद्ध दिशेने ८०० च्या वेगाने ७ तास ८ मिनिटं, बरोबरीने १,००० च्या वेगाने ५ तास ४२ मिनिटं. दोन्ही मिळून १२ तास ५० मिनिटं. वारा नसता तर १२ तास ४० मिनिटांत भागलं असतं. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून एकूण तोटाच होतो.

म्हणूनच एअरलाइनचे डिस्पॅचर, म्हणजे उड्डाणाचा मार्ग आखणारे कर्मचारी, सर्वांत कमी किलोमीटरचा रस्ता शोधत नाहीत, सर्वांत कमी वेळेचा आणि इंधनाचा शोधतात. उत्तर अटलांटिकवर गँडर (कॅनडा) आणि शॅनविक (ब्रिटन-आयर्लंड) ही दोन नियंत्रण केंद्रं रोजच्या वाऱ्यानुसार समांतर मार्ग जाहीर करतात. दिवसा पश्चिमेकडे जाणारे, रात्री पूर्वेकडे येणारे. आज आइसलंडजवळून गेलेली फ्लाइट उद्या कितीतरी दक्षिणेकडून जाऊ शकते.

हा मुद्दा सर्वांत स्पष्ट दिसतो तो दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गावर. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने ही फ्लाइट अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर पडत होते, पॅसिफिकवरून सुमारे १५,३००. रस्ता १,४०० किलोमीटरने लांबला आणि प्रवास तरीही साधारण दोन तासांनी कमी झाला, कारण पश्चिमेला जाताना वारा छातीवर होता, पूर्वेला जाताना तो पाठीवर आला. नुसत्या किलोमीटरवरून वेळ सांगणारं कुठलंही कॅल्क्युलेटर इथे सपशेल चुकतं.

दक्षिण गोलार्धातही हेच घडतं. सिडनी–जोहान्सबर्ग सुमारे ११,००० किलोमीटर. पश्चिमेला जाताना चौदा तास, परत येताना बाराच्या आत-बाहेर. विषुववृत्ताजवळच्या किंवा निव्वळ उत्तर-दक्षिण प्रवासात हा फरक फारसा राहत नाही.

प्रत्यक्ष रस्ता बृहद्वृत्ताहून लांब का पडतो

विमान ठरलेल्या बिंदूंवरून आणि मार्गांवरून जातं, उड्डाणाची आणि उतरण्याची दिशा धावपट्टी ठरवते, लष्करी क्षेत्रं आणि वादळं टाळावी लागतात. एरवी सरळ असलेल्या लांबच्या प्रवासात यातून २ ते ५ टक्के अंतर वाढतं. कार्बनचा हिशोब करणारेही ही वाढ धरतात: आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) पद्धतीत ५५० किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला ५०, ५,५०० पर्यंत १०० आणि त्यापुढे १२५ किलोमीटर बृहद्वृत्तात मिळवतात. उत्सर्जनाच्या हिशोबाला ते पुरतं; वेळेसाठी टक्केवारीच घ्यावी, कारण लांबच्या प्रवासात वाढ १२५ वर थांबत नाही.

मोठी वाढ होते ती बंद आकाशामुळे. २०२२ मध्ये रशियाचं हवाई क्षेत्र युरोपीय एअरलाइन्सना बंद झालं आणि हेलसिंकी–टोकियोचा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास फिनएअरला तेरा तासांचा पडू लागला. शहरं तिथेच, अंतराच्या तक्त्यातला आकडा तोच, वेळ चाळीस टक्क्यांनी वाढलेली. युरोप-आशियातल्या अशा मार्गांवर ज्या देशांच्या एअरलाइन्सना रशियाचं आकाश खुलं आहे, त्यांना कमी वेळ लागतो. म्हणजे वेळ कुठल्या कंपनीचं विमान आहे यावरही ठरते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय फ्लाइट्सना याच कारणाने दक्षिणेकडून वळसा घालावा लागला.

दोन नैसर्गिक अडथळेही आहेत. तिबेटच्या पठारावरून विमानं फारशी जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला काही मिनिटांत १०,००० फुटांपर्यंत (३,०५० मीटर) खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत पंधरा-वीस मिनिटांपुरताच असतो. आणि तिथली जमीनच सरासरी ४,५०० मीटर उंच आहे. दुसरा अडथळा महासागरांचा. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळेत पोचता येईल असा विमानतळ सतत टप्प्यात ठेवावा लागतो. या नियमाला ईटॉप्स म्हणतात. ही मर्यादा १९८५ मध्ये १२० मिनिटांपर्यंत आणि १९८८ मध्ये १८० मिनिटांपर्यंत वाढली. ७८७ ला आता ३३० मिनिटांपर्यंत मुभा आहे. उत्तर गोलार्धात त्यामुळे फारसं अडत नाही. सिडनी–सांतियागोसारख्या अंटार्क्टिकाकडे झुकणाऱ्या मार्गांवर मात्र अजूनही हा विचार करावा लागतो.

गेट ते गेट

तिकिटावरची सुटण्याची वेळ उड्डाणाची नसते. ती विमान गेटवरून मागे ढकललं जाण्याची असते, आणि पोचण्याची वेळ म्हणजे दुसऱ्या टोकाला गेटवर उभं राहण्याची. या दोन्हींमधला काळ म्हणजे ब्लॉक टाइम. वेळापत्रकात हाच असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं (मोठ्या विमानतळांवर १५ ते ३० मिनिटं), हवेतला वेळ आणि उतरल्यावर गेटपर्यंत येणं (५ ते १५ मिनिटं) आलं.

हवेतल्या वेळेतही सगळा वेळ ९०० चा वेग नसतो. वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. उतरणं आपल्याला वाटतं त्याहून बरंच आधी सुरू होतं: उंचीचे जितके हजार फूट, त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधी, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. ३५,००० फुटांवरून १०५ नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे २०० किलोमीटर अलीकडून. शिवाय १०,००० फुटांच्या खाली बहुतेक देशांत २५० नॉटची (ताशी ४६३ किलोमीटर) मर्यादा असते. चढण-उतरण मिळून सबंध प्रवासात वीसेक मिनिटं वाढतात. विमानतळावर गर्दी असेल तर घिरट्या. त्यातली प्रत्येक फेरी साधारण चार मिनिटांची.

आता लंडन–न्यूयॉर्क पुन्हा मांडू. ५,५४० मध्ये ३ टक्के वाढ धरून ५,७००. सरासरी ६० चा समोरचा वारा, म्हणजे जमिनीसापेक्ष वेग ८४०: ६ तास ४७ मिनिटं. चढ-उताराची २० मिनिटं, जमिनीवरची ३०. एकूण ७ तास ३७ मिनिटं. येताना तोच वारा पाठीवर, वेग ९६०: ५ तास ५६ मिनिटं, त्यात ती ५० मिनिटं मिळवून ६ तास ४६ मिनिटं. वेळापत्रकातले आठ आणि सात तास यावर आणखी पंधरा-वीस मिनिटं ठेवून बनतात. ती गर्दीसाठी राखलेली सूट असते, म्हणूनच ‘उशिरा सुटलं तरी वेळेवर पोचलं’ असं वरचेवर होतं.

एवढं सगळं करायला वेळ नसेल तर मोठ्या विमानासाठी हा ठोकताळा वापरा: बृहद्वृत्ताचे किलोमीटर भागिले ८५०, अधिक पाऊण तास. सिंगापूर–न्यूयॉर्क १५,३५० किलोमीटर: १८ तास ५० मिनिटं, आणि ही जगातली सर्वांत लांब नियमित फ्लाइट खरोखरच अठरा तासांच्या वर जाते. लंडन–सिंगापूर १०,८८०: साडेतेरा तास. मध्य अक्षांशांवर पूर्व-पश्चिम प्रवास असेल तर पश्चिमेला ६ ते ८ टक्के वाढवा, पूर्वेला तेवढेच कमी करा. ऐन हिवाळ्यात दहा धरलेत तरी चालेल. सिंगापूर–न्यूयॉर्कला ही दुरुस्ती लावू नका. तिथे जातानाही आणि येतानाही बऱ्याचदा पूर्वेकडचाच रस्ता धरला जातो, जाताना पॅसिफिकवरून, येताना अटलांटिकवरून. लहान विमान असेल तर ८५० च्या जागी ७८० घ्या. बंद आकाशामुळे वळसा पडत असेल तर हा ठोकताळा वापरू नका. अलीकडच्या आठवड्यातल्या त्याच फ्लाइटच्या प्रत्यक्ष वेळा बघा.

घड्याळ

तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. त्यांची थेट वजाबाकी करणं ही प्रवाशांची सर्वांत मोठी चूक. दोन्ही वेळा आधी यूटीसीत (सगळ्या जगासाठी एकच धरलेल्या प्रमाणवेळेत) आणा, तारखेसकट, मग वजा करा. हिवाळ्यात लंडनहून सकाळी ११ ला सुटून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोचणारी फ्लाइट तीन तासांची नाही: लंडन यूटीसीवरच आहे, न्यूयॉर्क पाच तास मागे, म्हणजे पोचताना यूटीसी १९ वाजलेत. आठ तास. परतताना संध्याकाळी ७ ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला पोचते. दिसायला बारा तास, प्रत्यक्षात सात.

वाररेषा, म्हणजे पॅसिफिकमधली जी रेषा ओलांडली की तारीख बदलते ती, ओलांडताना हे आणखी चमत्कारिक दिसतं. हिवाळ्यात टोकियो लॉस एंजेलिसच्या १७ तास पुढे असतं. टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालेलं, दहा तास उडणारं विमान त्याच तारखेला सकाळी १० वाजता लॉस एंजेलिसला उतरतं, म्हणजे निघण्याच्या ‘आधी’. तिथून दुपारी १२ ला निघून बारा तासांनी टोकियोला पोचाल तेव्हा तारीख पुढची आणि वेळ संध्याकाळी ५. तिकिटावर वेळेपुढे +१ किंवा −१ लिहिलेलं असतं ते याचसाठी; हॉटेल आणि पुढचं तिकीट काढताना त्याकडे दुर्लक्ष झालं की एक रात्र हुकते.

उन्हाळी वेळ हा वेगळाच सापळा आहे. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन–न्यूयॉर्क फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो. युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत फिरतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. तेव्हाही आठवडाभर तेच. भारत साडेपाच आणि नेपाळ पावणेसहा तास पुढे आहेत, तेव्हा फरक नेहमी पूर्ण तासांचाच असेल असंही गृहीत धरू नका. आणि वेळापत्रकही वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. त्याच क्रमांकाच्या फ्लाइटचा ब्लॉक टाइम उन्हाळ्यात वेगळा, हिवाळ्यात वेगळा असतो.

मध्ये थांबा असेल तर

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ एक नाहीत. डायरेक्ट फ्लाइटचा क्रमांक शेवटपर्यंत तोच राहतो, पण ती मध्ये उतरू शकते. वेळ महत्त्वाची असेल तर नॉनस्टॉपच शोधा.

थांबा कुठे आहे यावर बरंच अवलंबून असतं. लंडन–सिडनी बृहद्वृत्ताने १७,०२० किलोमीटर. सिंगापूरमार्गे १०,८८० आणि ६,३०० मिळून १७,१८०, म्हणजे वळसा जेमतेम एक टक्का. लॉस एंजेलिसमार्गे गेलात तर २०,८०० च्या वर. म्हणून स्वस्त तिकीट दिसलं की थांब्याच्या शहरापर्यंतचं आणि तिथून पुढचं अंतर वेगवेगळं काढून बेरीज करा. ती थेट अंतराच्या दहा टक्क्यांहून जास्त असेल तर निव्वळ उडण्यातच दीड-दोन तास जादा जाणार हे धरून चाला. प्रत्येक टप्प्याला ठोकताळ्यातला तो पाऊण तास पुन्हा मोजावा लागतो. सिंगापूरमार्गे साडेतेरा आणि सव्वाआठ, त्यात थांब्याचे दोन-तीन तास: चोवीस तासांच्या आसपास. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील तर विमान बदलायला लागणारा किमान वेळ एअरलाइनने धरलेला असतो, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय तीच करते. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर ही जबाबदारी तुमची. सामान घेणं, इमिग्रेशन, पुन्हा चेक-इन हे सगळं धरून मध्ये किमान चार तास ठेवा, आणि त्या देशात शिरायला व्हिसा लागतो का ते तिकीट काढण्याआधी बघा.